ज्याचा निरोप त्याला

एका बाईला दिवस गेल्याची बातमी मी एकदा तीन संगणकांच्या पडद्यांवर एकाच क्षणी झळकवली होती. तिची सासू तेव्हा त्यातल्या एका पडद्यापासून जेमतेम दोन हातांवर बाकावर बसली होती. ही गोष्ट कुणालाही कळता कामा नये, असं त्या बाईने आदल्याच दिवशी माझा हात धरून सांगितलं होतं. आणि मी हे तापात किंवा झोपेत केलं नाही. पूर्ण शुद्धीत, विज्ञानाचा भक्कम आधार घेऊन केलं.

माझी नात म्हणाली, "आजी, हे छापायला देऊ नकोस हं." म्हणजे द्यायलाच हवं.

मी ठाण्याला नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. ऐंशीच्या दशकात लागले, ते केस पिकेपर्यंत तिथेच. राहायला डोंबिवली, कामाला ठाणे. लॅब दोन मजली. खाली काउंटर, रक्त घ्यायची खोली आणि आमच्या डॉक्टरांची केबिन. त्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो. वर तपासणीची टेबलं. लोकांना वाटतं लॅबवाल्यांचं काम म्हणजे सुई टोचणं. अहो, सुई टोचणं हा सगळ्यात सोपा भाग. अवघड असतं ते बाटलीत काय आलंय ते ओळखणं, आणि त्याहून अवघड, बाटली कसली आहे ते ओळखणं.

एकदा एका बावीस वर्षांच्या काटकुळ्या पोराच्या लघवीत चार प्लस साखर निघाली. चार प्लस म्हणजे आमच्याकडची शेवटची पायरी. दुसऱ्या दिवशी त्याची आई, मावशी आणि आजी अशा तिघी काउंटरवर येऊन रडायला लागल्या. पोरगा मागे उभा, हातात मोसंबी. मी रिपोर्ट पुन्हा पाहिला, पोराकडे पाहिलं आणि विचारलं, "काय रे, बाटली कुठली आणली होतीस?"

"घरचीच. खोकल्याच्या औषधाची."

"धुतली होतीस?"

त्याने आईकडे पाहिलं. आईने मावशीकडे पाहिलं. रडणं बंद झालं आणि तिघी मिळून त्याच्यावर तुटून पडल्या. माझा या धंद्यातला मोठा शोध हाच: अर्धे आजार बाटली धुतली की बरे होतात.

पण माझं खरं टेबल हॉर्मोनचं. आणि हॉर्मोन काय असतं हे सांगितल्याशिवाय माझा मूर्खपणा तुम्हाला नीट कळायचा नाही, तेव्हा दोन मिनिटं कान द्या.

हॉर्मोन म्हणजे शरीरातला निरोप. इंग्रजी पुस्तकात त्याला मेसेंजर म्हणायचे, मी पेशंटला निरोप्या म्हणून सांगायचे. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. तिला वाटलं की गळ्यातल्या थायरॉइडने जरा हातपाय हलवावेत, तर ती एक निरोप रक्तात सोडून देते. पाकिटावर पत्ता नाही, नाव नाही, काही नाही. तो निरोप रक्ताबरोबर टाचेला जातो, कोपराला जातो, कानाच्या पाळीलाही जातो. टाच ढिम्म. कोपर ढिम्म. ज्याच्याकडे तो वाचायची सोय आहे ती थायरॉइडच काय ती कामाला लागते. मला ही व्यवस्था फार आवडायची. अख्ख्या गावात दवंडी पिटायची, आणि ज्याचं काम आहे त्यानेच ऐकायचं. बाकीच्यांनी चौकशीसुद्धा करायची नाही! आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये असं एक माणूस दाखवा.

डोंबिवलीजवळच्या गावातले एक आगरी बाबा बायकोचा रिपोर्ट घ्यायला आले होते. गळ्यात बोटभर जाड चेन, अंगात पांढराशुभ्र शर्ट. रिपोर्टात निरोपाचा आकडा चढलेला, म्हणजे थायरॉइड मंदावलेली. ते म्हणाले, "वारलाय, म्हंजे चांगलाच ना?" (त्यांच्या बोलीत वारलाय म्हणजे वाढलाय.)

मी म्हटलं, "बाबा, असं बघा. आई सकाळी पोराला हाक मारते, ऊठ. पोरगा उठला नाही तर काय करते?"

"बोंबलते."

"तरी उठला नाही तर?"

"आजून बोंबलते."

"तेच झालंय. हाक वाढली म्हणजे पोरगा झोपलाय."

बाबा विचारात पडले. मग म्हणाले, "म्हंजे आमचे घरान रोज हाय ना, तोच आजार." आणि जाता जाता परत फिरून, "बाय, ती गोळी पोराला पन चालंल काय?"

या सगळ्या निरोपांत माझा लाडका एकच. पोटात गर्भ धरला की तो खसखशीच्या दाण्याएवढा असतो तेव्हाच आईच्या शरीराला कळवतो, मी आलोय, आता पाळी थांबवा. माणसाने आयुष्यात पाठवलेला हा पहिला निरोप. त्याच्या खुणा लघवीत उतरतात आणि मग आमच्या टेबलावर येतात. सुरुवातीला आम्ही ही चाचणी काचपट्टीवर करायचो आणि तिचा न्याय उलटा होता. थेंब दह्यासारखा फुटला की काही नाही, दुधासारखा एकसंध राहिला की आहे. पुढे दोन रेघांची पट्टी आली आणि सगळं सोपं झालं. पण काचपट्टी असो की रेघ, तो निरोप वाचणारं पहिलं माणूस मी असायचे. आईच्याही आधी! या गोष्टीचा मला माज होता. उगाच का लपवा.

मात्र सरांचा एक कडक नियम होता: रिपोर्ट देताना चेहरा कोरा ठेवायचा. कारण समोरच्या बाईला ते हवंय की नकोय, हे आपल्याला ठाऊक नसतं. मी एकदा एकीला हसून "अभिनंदन" म्हटलं आणि ती तिथेच मटकन खाली बसली. पाचवं होतं. तेव्हापासून मला काउंटरवर जायला बंदी. माझा चेहरा म्हणजे दुकानाची पाटी आहे, असं सर म्हणायचे.

काउंटरवर होती वैशाली. तीही डोंबिवलीचीच, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची. तिचा चेहरा असा कोरा की रिपोर्ट देताना सरांनीसुद्धा तिच्याकडून शिकावं. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि दोनदा दिवस राहून गेले होते. पहिल्या वेळी सासूबाईंना दुसऱ्या महिन्यात कळलं. त्या पालिकेच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, मनाने मोकळ्या आणि तोंडानेही मोकळ्या. तीन महिने बोलू नये ही रीत त्यांना माहीत नव्हती असं नाही, पण आनंद मावेना. त्यांनी बिल्डिंगच्या चारही मजल्यांवर पेढे वाटले. आठ दिवसांत सगळं संपलं. मग त्याच चार मजल्यांवरून बायका येत राहिल्या, "कसं काय झालं हो?" दुसऱ्या वेळी पेढे वाटले नाहीत, नुसतं नणंदांना कळवलं. तरी तेच झालं.

तर नव्वदीच्या मधल्या काळात आमच्याकडे संगणक आले. चार. एक वर माझ्याकडे, तीन खाली: काउंटरवर, रक्त घ्यायच्या खोलीत आणि सरांच्या केबिनमध्ये. त्यांचा थाट काय विचारता! माझ्या खोलीत चपला काढून जायचं, संध्याकाळी त्याला अंगरख्यासारखं कव्हर घालायचं, आणि सुरू करण्याआधी एकीने तर चक्क नमस्कार केला. (एकीने म्हणजे मीच.) तोवर वरच्या मजल्यावरून खाली निरोप पाठवायचा तर मागच्या खिडकीतून दोरीला टोपली बांधून सोडायची, किंवा जिन्यातून ओरडायचं. आता हे चारही एकमेकांना तारेने जोडले.

जोडणारा नितीन नावाचा तरुण होता. त्याने मला एक चौकट उघडून दाखवली. "मॅडम, याला मेसेंजर म्हणतात."

मी हसायलाच लागले. "अरे, मेसेंजर दहा वर्षं माझ्या टेबलावर आहेत. मला काय शिकवतोस!"

"वर नाव निवडायचं. काउंटर, कलेक्शन किंवा सर. खाली लिहायचं आणि बटण दाबायचं. समोर चौकट उघडते, टुंग असा आवाज येतो, आणि कुणीतरी बंद करेपर्यंत ती पडद्यावर राहते. आणि हे जे 'सगळ्यांना' आहे ना, ते शक्यतो वापरू नका."

"का?"

"सगळ्यांना जातं."

"मग जाऊ दे की. ज्याचा निरोप त्याला कळतो."

"मॅडम, कॉम्प्युटरला पत्ता लागतो."

"शरीराला लागत नाही, नितीन. आणि ते लाखो वर्षं चाललंय. तुझं हे खोकं कधीपासून चालू आहे?"

"परवापासून," तो बिचारा म्हणाला.

झालं! मी जिंकले. त्या दिवसापासून मी प्रत्येक निरोप सगळ्यांना पाठवायला लागले. 'चहा आला.' 'चारशे बाराचं रक्त साकळलंय, परत बोलवा.' 'कल्याणच्या डॉक्टरांना फोन करा.' सगळं रोमन अक्षरांत मराठी, कारण त्या खोक्याला आपली लिपी येत नव्हती. आणि गंमत बघा, सगळं सुरळीत चाललं! रक्तवाल्यांनी रक्ताचं वाचलं, सरांनी फोनचं वाचलं, बाकीच्यांनी बाकीच्या चौकटी बंद केल्या. फक्त चहा आल्यावर सर पहिल्यांदाच आमच्यात येऊन बसले आणि आम्हाला आठवडाभर त्यांच्या मुंजीच्या गोष्टी ऐकाव्या लागल्या. हॉर्मोनचा सिद्धान्त तारेतूनही चालतो, असं मी नितीनला फोन करून सुनावलं.

अशात एके दिवशी वैशाली वर आली. दार लावून घेतलं. रुमालात गुंडाळलेली छोटी बाटली माझ्या टेबलावर ठेवली.

"ताई, यावर माझं नाव नको. कुणाचंही घाला."

मी काही बोलणार, तेवढ्यात तिने माझा हात धरला. "चांगली बातमी असली तर ह्यांना मी सांगेन. पण आईंना तीन महिने पुरे झाल्याशिवाय नाही. परत ते पेढे, परत त्या बायका... मला नाही हो सोसणार. या वेळी फक्त मी आणि ते."

"आणि मी."

"तुम्हाला माणसात कुठे धरलंय? तुम्ही लॅब."

आयुष्यात माझा असा गौरव कुणी केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चाचणी लावली. दोन रेघा. पट्टीवर विश्वास नव्हता म्हणून एक जुना संच शिल्लक होता तोही काढला आणि काचपट्टीवर थेंब टाकला. थेंब एकसंध, दुधासारखा. मी दोन मिनिटं त्याच्याकडे नुसती बघत बसले. मग खोलीत एक गिरकी घेतली. त्या वयात, त्या देहयष्टीत! टेबलावरच्या नळ्या खुळखुळल्या.

आता तिला सांगायचं कसं? खाली गेले तर माझा चेहरा बघून अख्ख्या काउंटरला कळणार. चेहरा तर पाटीच. म्हणून मी शहाणपणा केला, खाली गेलेच नाही. संगणकावर बसले, चपला बाहेर होत्याच, आणि एकेक अक्षर शोधत टाइप केलं: 'वैशाली, दोन्ही रेघा ठळक. तू आई होणार. आता जिने चढू नकोस.' आणि बटण दाबलं.

खालून आवाज आला. टुंग. टुंग. टुंग.

पहिल्या टुंगला मी हसत होते. दुसऱ्याला हसू थांबलं. तिसऱ्याला मी अनवाणी जिन्यात होते.

रक्ताच्या खोलीत एक धिप्पाड हवालदार डोळे गच्च मिटून हात पुढे करून बसले होते. सुईवाल्या मुलीची पडद्याकडे पाठ. मी आत शिरले, चौकट बंद केली, बाहेर पडले. हवालदारांनी डोळे न उघडता विचारलं, "झालं?"

सरांच्या केबिनमध्ये एक जाडजूड व्यापारी रिपोर्ट समजून घेत होते. सर चष्म्यावरून पडद्याकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग माझ्या अनवाणी पायांकडे. "बाई, हे माझ्यासाठी आहे का?"

"नाही सर."

व्यापारी घाबरले. "काय सीरियस आहे का डॉक्टर?"

"नऊ महिन्यांत बरं होतं," सर म्हणाले आणि चौकट बंद केली.

राहिलं काउंटर. तिथे खुर्ची रिकामी! वैशाली मागे कपाटातून फायली काढत होती. पडद्यावर ती चौकट, ठळक अक्षरांत. आणि पंख्याखालची जागा म्हणून बाकाच्या अगदी या टोकाला तिच्या सासूबाई बसलेल्या. जेवणानंतरची साखर तपासायला आल्या होत्या. नेमक्या त्याच दिवशी! त्यांचा चष्मा त्यांच्या हातात होता आणि त्या पदराने काचा पुसत होत्या. मी शेजारचं कव्हर उचललं आणि एखाद्या भुतावर घोंगडी टाकावी तसं पडद्यावर टाकलं.

"धूळ फार येते," मी धापा टाकत म्हटलं.

"हो ना. पंख्यामुळे," त्या शांतपणे म्हणाल्या आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

वैशाली आली. भर दुपारी घातलेलं कव्हर बघून थांबली, त्याचा कोपरा उचलून आत पाहिलं. तिचा चेहरा, काय सांगू, कोराच्या कोरा. कव्हराखाली हात घालून तिने कळ दाबली, मग कव्हर काढून घडी केली आणि म्हणाली, "आई, तुमचा नंबर आलाय." आई आत गेल्या तशी मला हाताला धरून जिन्याखाली नेलं. तिथे मात्र तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

"ताई, तुम्ही मला सांगत होतात की गावाला?"

"अगं, मला वाटलं..."

"आईंनी वाचलं?"

"छे! चष्मा हातात होता त्यांच्या."

"नक्की?"

"नक्की," मी म्हटलं. मला नक्की माहीत नव्हतं. त्या एका शब्दाची मला अजून लाज वाटते. इतकी वर्षं मी 'पुन्हा तपासून घ्या' असा शेरा मारत आले, आणि जिथे मारायला हवा होता तिथे मारला नाही.

नितीनने येऊन माझ्या यंत्रातून 'सगळ्यांना' काढून टाकलं. जाताना खोलीबाहेर ठेवलेल्या माझ्या चपला सरळ करून गेला. सरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "बाई, कोपराला निरोप कळत नाही, म्हणून शरीराचं चालतं. आपल्याकडची सगळी कोपरं साक्षर आहेत."

पुढचा दीड महिना मी जीव मुठीत धरून काढला. रोज सकाळी आधी वैशालीचा चेहरा बघायचा, मग अ‍ॅप्रन चढवायचा. चेहऱ्यावरून काही कळायचं नाही, हीच पंचाईत! घरी पेढ्याचा डबा आलाय का, बिल्डिंगमध्ये कुणी काही विचारलं का, एवढंच मी तिला खोदून विचारायचे.

"नाही हो. पण आई हल्ली विचित्र वागतात," ती एकदा म्हणाली. "गच्चीवरचे कपडे मीच आणते म्हणतात. डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलंय म्हणे."

"चांगलंय की. साखरेला व्यायाम हवाच."

"आणि रोज दूध उरतं. उरलंय, टाकवत नाही, पिऊन टाक म्हणतात. आमच्याकडे कधी थेंब उरायचा नाही."

"गवळी बदलला असेल," मी म्हटलं. मला म्हणे लोक हुशार समजायचे.

तीन महिने पुरे झाले. चौथ्यात वैशालीने घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी डोळे मोठे करून मला म्हणाली, "ताई, आईंनी तोंडावर हातच ठेवला. 'अगं बाई, खरंच?' दोनदा म्हणाल्या!" मी त्या रात्री दीड महिन्यात पहिल्यांदा नीट झोपले.

मुलगी झाली. बारसं झालं, पेढे झाले, चारही मजल्यांवर वाटून झाले. काही दिवसांनी सासूबाई पुन्हा साखर तपासायला आल्या. रक्त देऊन झाल्यावर कुणाला न विचारता जिना चढून थेट माझ्या खोलीशी आल्या, चपला काढल्या, आत येऊन माझ्या समोरच्या स्टुलावर बसल्या. टेबलावर माझा रिपोर्टचा कागद होता. त्यांनी तो हातात घेतला, वाचायला जवळ धरला, अक्षर लागेना, तेव्हा पर्समधून चष्मा काढून लावला.

मी त्या चष्म्याकडे बघत राहिले. हा जवळचा चष्मा होता. लांबचं त्यांना बिनचष्म्याचंच दिसत असणार. दोन हातांवरचा पडदा म्हणजे तर शाळेतला फळाच.

"तुम्ही वाचलं होतंत," मी म्हटलं.

"अहो, रोमन अक्षरांत लिहिलं होतंत म्हणून एक मिनिट जास्त लागलं. त्याच वेळात चष्मा पुसून घेतला, म्हटलं डोळ्यांना काहीतरी काम हवं."

"मग दीड महिना बोलला नाहीत? तुम्ही?"

त्यांनी कागद खाली ठेवला. हसल्या. आणि मग जे म्हणाल्या ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते:

"पहिल्या वेळी मी पेढे वाटले, आणि मग महिनाभर दारात उभी राहून लोकांना उत्तरं देत बसले. ती आत एकटी रडत होती. या वेळी दारात कुणी येणारच नव्हतं, तेव्हा मला तिच्याकडे बघायला वेळ मिळाला. तुमचं ते यंत्र चांगलं आहे हो, बाई. फक्त तुमच्या हातात देऊ नये."